‘डॉग डेज’, व्याध आणि मृगाचा पाऊस

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. मारतहळ्ळी येथील आमच्या शाखेत भर दुपारी एक ज्येष्ठ ग्राहक पासबुक छापून घेण्यासाठी आले. मूळचे बेळगावचे असल्याने ते माझ्याशी आवर्जून मराठीत बोलतात. पंख्याखाली क्षणभर विसावल्यावर त्यांनी विचारले, “साहेब, नातवाच्या इंग्रजी पुस्तकात ‘डॉग डेज’ असा शब्द आला आहे. अर्थ दिला आहे कडक उन्हाळ्याचे दिवस. उन्हाने कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, त्यावरून तो आला असावा, असे मी त्याला सांगितले. बरोबर आहे ना?”

“काका, उद्या सांगतो,” एवढेच मी त्या वेळी म्हणालो. जेवणाच्या सुट्टीत हा प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला आणि गंमत झाली. तमिळ सहकारी म्हणाले, “आमचे अग्नि नक्षत्र आता सुरू झाले.” मध्य प्रदेशातील सहकाऱ्याने २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या ‘नवतपा’च्या नऊ दिवसांची आठवण काढली. कन्नड सहकारी ‘भरणी मळे’ म्हणजे भरणीच्या पावसाची वाट पाहत होते. मला अर्थातच मृग आठवला. एकाच टेबलाभोवती चार भाषा, चार नावे; परंतु प्रत्येक नावाचे मूळ आकाशात. ‘डॉग डेज’चे मूळही तेथेच आहे, हे त्या रात्री केलेल्या वाचनातून स्पष्ट झाले.

हा कुत्रा कोणता?

हा कुत्रा रस्त्यावरचा नसून आकाशातील आहे. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे आपला व्याध. पाश्चात्त्य त्याला सिरियस म्हणतात. मृग नक्षत्राच्या आकृतीत ग्रीकांना ओरायन नावाचा शिकारी दिसला आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या तारकासमूहात त्याचा कुत्रा दिसला. सिरियस हा त्या कुत्र्याचा तारा होय. ‘सिरियस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘होरपळवणारा’ असा केला जातो. रोमन लोक या ताऱ्याला ‘कॅनिक्युला’ म्हणजे ‘छोटी कुत्री’ म्हणत. फ्रेंच भाषेत उष्णतेच्या लाटेला आजही ‘कॅनिक्युल’ म्हणतात, तो शब्द यातूनच आला.

वर्षातील सुमारे सत्तर दिवस हा तारा भूमध्य समुद्राच्या परिसरातून दिसत नाही, कारण त्या काळात तो आकाशात सूर्याच्या फार जवळ असतो. त्यानंतर एके दिवशी पहाटे, सूर्योदयाच्या किंचित आधी, तो पूर्व क्षितिजावर पुन्हा चमकतो. प्राचीन ग्रीसमध्ये हा पुनरुदय जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात होत असे. सूर्याबरोबर हा तेजस्वी ताराही तापू लागला, म्हणून उकाडा वाढला, असा समज त्यातून रूढ झाला. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यातही हा तारा माणसांना ताप आणणारा म्हणूनच येतो. पुढे रोमन लोकांनी या काळाला ‘कुत्र्याचे दिवस’ हे नाव दिले. अमेरिकेतील जुन्या शेतकरी पंचांगांत ३ जुलै ते ११ ऑगस्ट हा त्यांचा कालावधी मानला जातो.

खूण आणि कारण

व्याध खरोखरच उष्णता देतो काय? तो स्वतः सूर्यापेक्षा पुष्कळ प्रखर आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे दहा हजार अंश सेल्सिअस आहे. परंतु तो आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे. पृथ्वीवरून पाहता सूर्य त्याच्यापेक्षा सुमारे १,३०० कोटी पट तेजस्वी दिसतो. तेव्हा व्याधाची ऊब आपल्यापर्यंत पोहोचत नाही, असेच म्हणावे लागेल.

ही गोष्ट प्राचीनांपैकी काहींनाही उमगली होती, हे विशेष. जेमिनोस या ग्रीक ज्योतिर्विदाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्पष्टपणे मांडले की, हा तारा उन्हाळ्याचे कारण नाही, ती केवळ खूण आहे. उष्णता देतो तो सूर्य. आपण बँकेतील माणसांनी हे सहज समजून घ्यावे. ३१ मार्च जवळ आला की शाखेत उशिरापर्यंत दिवे जळतात. पण ते काम भिंतीवरचे कॅलेंडर निर्माण करीत नाही. कॅलेंडर फक्त तारीख दाखवते.

इजिप्तमध्ये तर याच ताऱ्याचा अर्थ अगदी वेगळा होता. तेथे व्याधाचा पुनरुदय झाला की नाईल नदीला पूर येण्याचे दिवस सुरू होत. म्हणून तेथील लोक त्याला नववर्षाची आणि सुबत्तेची खूण मानीत. तो पूर येत असे इथिओपियाच्या डोंगरांवर पडणाऱ्या उन्हाळी पावसामुळे. तारा एकच, ग्रीकांना त्यात आग दिसली, इजिप्शियनांना पाणी.

आपला मृग, आपला व्याध

आपल्या पूर्वजांना त्याच तारकांत हरीण आणि पारधी दिसले. रोहिणीचा पाठलाग करणाऱ्या मृगरूपी प्रजापतीला रुद्राने बाण मारला, अशी कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. मृग नक्षत्राच्या मध्यभागी एका ओळीत असलेले तीन तारे म्हणजे तो बाण. ही ओळ एका बाजूला वाढविली की व्याध सापडतो आणि दुसऱ्या बाजूला वाढविली की तांबूस रोहिणी. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथात याच नक्षत्राच्या वैदिक उल्लेखांवरून वेदकाळाचा विचार केला होता. हिवाळ्यातील कोणत्याही निरभ्र रात्री ही आकृती पाहता येते. मारतहळ्ळीच्या उंच इमारतींच्या झगमगाटातही व्याध गच्चीवरून ठळक दिसतो.

मात्र आपल्याकडे या तारकांचा संबंध उन्हाशी न जोडता पावसाशी जोडला गेला. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात आणि ७ किंवा ८ जूनला मृगात प्रवेश करतो. मृग ‘लागला’ की पेरणी, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे गणित आहे. व्याधाचा पहाटेचा पुनरुदय आपल्याकडेही जुलैच्या उत्तरार्धात होतो, पण तेव्हा आकाश बहुधा मान्सूनच्या ढगांनी झाकलेले असते.

असा फरक का पडला? ग्रीसमध्ये २१ जूनच्या सुमारास सूर्य सर्वांत उंचावर येतो. परंतु जमीन आणि समुद्र तापायला आणखी काही आठवडे लागतात, म्हणून खरा उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये जाणवतो. आपण विषुववृत्ताच्या अधिक जवळ आहोत. बंगळुरूत २४ एप्रिलच्या सुमारासच सूर्य भर मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. पुण्यात हे मेच्या मध्यास घडते. उष्णता वाढत जाते आणि जूनमध्ये मान्सूनचे ढग तिला आवर घालतात. म्हणून आपले ‘डॉग डेज’ एप्रिल-मेमध्ये येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील, थंड हवेच्या बंगळुरूतही एप्रिल २०१६ मध्ये ३९.२ अंश तापमान नोंदले गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात तर शहराच्या पूर्व भागातील अनेक वसाहतींना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले.

खूण सरकते तेव्हा

येथे केवळ शब्दार्थाचा नव्हे, तर पोटापाण्याचा प्रश्न सुरू होतो. मारतहळ्ळीला येण्यापूर्वी मी लातूर जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत होतो. खरीप कर्जवाटपाचे ते दिवस. एका खातेदाराने मृगाची पहिली सर पडताच सोयाबीन पेरले. एकरी सुमारे तीस किलो बियाणे, शिवाय खत आणि मजुरी. नंतर जवळजवळ तीन आठवडे पाऊस फिरकला नाही. उगवलेले कोंब करपले आणि दुबार पेरणीची वेळ आली. कर्जाची मर्यादा तीच, खर्च मात्र दुप्पट. मी त्यांना विचारले, “एवढी घाई का केलीत?” ते शांतपणे म्हणाले, “मिरग निघाला होता साहेब. पेरायचं नाही तर काय करायचं?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आज मी त्यांना दोन गोष्टी सांगेन.

पहिली अशी की, खूण स्वतःच सावकाश सरकत असते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण होते. यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातो. पंधराशे वर्षांपूर्वी सूर्य मृगात शिरत असे, तो ऋतुमानाने आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी. आणखी हजार वर्षांनी तो जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिरेल. मृग आणि पाऊस यांची गाठ कायमची नाही. ती आपल्या काही पिढ्यांपुरती जुळलेली आहे.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. पाऊस पंचांग पाहून येत नाही. २०२३ साली मृग कोरडाच सरत आला आणि मान्सून मुंबईत पोहोचला २५ जूनला, म्हणजे आर्द्रा लागल्यावर. २०२५ साली तोच मान्सून २६ मे रोजी, रोहिणी नुकती लागली असताना, मुंबईत दाखल झाला. तेथील नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. दोन वर्षांच्या अंतराने एक महिन्याचा फरक! मृगाची तारीख मात्र दोन्ही वर्षी जवळजवळ तीच होती.

म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो. हवामान खात्याचा अंदाज आज मोबाईलवर मिळतो. मृग ही तयारीची खूण मानावी. त्या दिवशी बियाणे, खत आणि पीककर्जाचे नूतनीकरण सिद्ध असावे. प्रत्यक्ष तिफण मात्र ओल पाहूनच चालवावी. पीकविम्याचा अर्जही शेवटच्या तारखेची वाट न पाहता भरून ठेवावा. आमच्या ग्रामीण शाखांतील सहकाऱ्यांनी कर्जाचे कागद हातात देताना एवढे दोन शब्द खातेदाराशी बोलावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. बोलायला दोन मिनिटे लागतात. दुबार पेरणीचे ओझे पुढे वर्षानुवर्षे वाहावे लागते.

दुसऱ्या दिवशी ते बेळगावचे काका पुन्हा आले. मी त्यांना आकाशातील कुत्र्याची हकीकत सांगितली. ते हसून म्हणाले, “म्हणजे नातवाला मी चुकीचे सांगितले. आता हिवाळ्यात त्याला गच्चीवर नेऊन तो तारा दाखवतो.” मग दाराबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहत त्यांनी विचारले, “पण साहेब, हा उकाडा केव्हा कमी होणार?”

“ते मात्र ताऱ्याला विचारू नका,” मी म्हणालो, “आणि तोवर बँकेचे काम सकाळीच उरकत चला.”