पुरासाठीं जमिनीखालची वाट

मलेशियाच्या राजधानीचें नांव क्वालालंपूर. त्याचा अर्थ 'चिखलाचा संगम' असा सांगतात. क्लांग व गोंबाक या नद्या जेथें मिळतात, तेथें एकोणिसाव्या शतकांत कथिलाच्या खाणींसाठीं आलेल्या लोकांनीं वस्ती केली, व त्या वस्तीचें पुढें महानगर झालें. संगमाची जागा व्यापाराला सोयीची, तशी पुरालाही सोयीची! जानेवारी १९७१ च्या महापुरानें याची खात्री पटविली. पुढें पात्र रुंद करावें, तर दोन्ही तीरांवर इमारतींची दाटी झालेली. तेव्हां नदीला शहराच्या पोटाखालून वाट द्यावी, असें ठरलें.

२००७ सालीं खुला झालेला हा 'स्मार्ट' बोगदा ९.७ किलोमीटर लांब असून त्याचा बाहेरचा व्यास सुमारें १३ मीटर आहे. शहराच्या वरच्या अंगास क्लांग व अंपांग यांच्या संगमाजवळ पुराचें पाणी वळवून एका तलावांत घेतात; तेथून तें बोगद्यानें तामान देसा येथील दुसऱ्या तलावांत व पुढें केरायोंग नदींत जातें. खडक चुन्याचा, आंत ठिकठिकाणीं पोकळ्या. त्यामुळें खोदतांना वरची जमीन खचण्याचें भय सतत होतें.

पण आम्हांस खरें कौतुक वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. पूर वर्षांतून थोडेच दिवस येणार. मग एवढी खर्चाची वास्तु एरव्हीं रिकामी कां ठेवावी? म्हणून मधल्या सुमारें ३ किलोमीटरांत मोटारींसाठीं दुमजली रस्ता केला. आपल्या वाड्यांत एकच खोली दिवसा बैठकीची व रात्रीं पाहुण्यांच्या अंथरुणांची होते, त्यांतलाच हा प्रकार! पूर बेताचा असेल तर पाणी रस्त्याखालच्या कप्प्यांतून जातें व वर वाहतूक चालूच राहते. मोठा पूर आला कीं सर्व गाड्या बाहेर काढून दारें लावतात आणि सगळाच बोगदा पाण्याला देतात. पूर ओसरल्यावर गाळ धुऊन काढला कीं रस्ता पुन्हां मोटारींचा.

ही योजना शहराच्या मध्यभागापुरती आहे, हें मात्र विसरतां येत नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें त्याच खोऱ्यांतील शाह आलममध्यें अनेक कुटुंबांचे संसार पाण्यांत गेले.

आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला व मिठी नदी घरांत शिरली. तेव्हां असा बोगदा येथेंही हवा, असें कोणासही वाटेल. आमचें म्हणणें इतकेंच, कीं आधीं त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहावें. क्वालालंपुरास दोन तलावांपुरती जागा राखतां आली. आपण आहेत तीं तळींही बुजवीत आलों. शिवाय मुंबईच्या पाण्याचें शेवटचें टोक समुद्र. त्या दिवशीं भरतीही मोठी होती, आणि भरतीच्या वेळीं बोगद्याच्या मुखाशीं प्रचंड पंप नसतील, तर आंत घेतलेलें पाणी समुद्र कांहीं केल्या घेणार नाहीं.