पाठराखीण



लग्न होऊन मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर घरातली एखादी जाणती बाई पाठवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आजी असेल, आत्या असेल, थोरली बहीण असेल. तिला आपण पाठराखीण म्हणतो. ही पाठराखीण करते तरी काय? पाहायला गेले तर फारसे काही करीत नाही. नवरीच्या वतीने ती बोलत नाही, सासूशी भांडत नाही. ती नुसती जवळ असते. परक्या घरात पाणी कुठे, चूल कुठे, कोणापुढे कसे वागावे, हे हळूच सांगते. आणि या मुलीच्या पाठीशी माणसे आहेत, एवढे त्या घराला आपल्या असण्याने कळवते.

आज मला ज्या कामाविषयी सांगायचे आहे ते असेच आहे. ज्यांचे लैंगिक शोषण झाले आहे अशा प्रौढ स्त्रियांच्या, आणि क्वचित पुरुषांच्याही, बरोबर उभे राहण्याचे हे काम. इंग्रजीत अशा माणसाला ‘ॲडव्होकेट’ म्हणतात. पण तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट येतो. वकील कोर्टात बाजू मांडतो. हा माणूस कोर्टाच्या आधी बरोबर असतो आणि कोर्ट उठल्यावरही असतो. म्हणून मी त्याला आपला घरचा शब्द देतो, पाठराखीण.

विषय अवघड आहे, चारचौघांत बोलण्यासारखा नाही, असे काहींना वाटेल. पण न बोलल्याने तो नाहीसा होत नाही. शोषण म्हणजे केवळ रात्री-अपरात्री कोणी अनोळखी माणसाने केलेली जबरदस्ती नव्हे. नोकरीचे आमिष दाखवून शहरात नेलेली आणि तिथे विकलेली मुलगी, उचल फिटेपर्यंत मुकादमाच्या मुठीत राहिलेली मजूर बाई, फोटो सगळ्यांना दाखवीन अशा धाकाखाली दिवस काढणारी तरुणी, लहानपणी घरच्याच माणसाने केलेले वीस वर्षे पोटात ठेवून वावरणारी गृहिणी. यांतली कोणतीही आपल्या गल्लीत राहत असेल.

याच कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती आधी सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. लग्न झालेली, एका ठिकाणी नोकरीला लागलेली. एक दिवस कॉलेज सुटल्यावर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. नोकरी लावून देणारा माणूस त्या उपकाराची वसुली कशी करतो आहे, हे तिने तुटक तुटक सांगितले. मी चिडलो. म्हणालो, “तू काळजी करू नकोस, मी बघतो.” आणि त्याच संध्याकाळी गावातल्या दोन वजनदार माणसांना गाठून, विश्वासात घेऊन, सगळे सांगितले. माझा हेतू चांगला होता. चार दिवसांत गोष्ट बाजारपेठेत पोचली. तिची नोकरी गेली, घरात रोज पंचनामा सुरू झाला, आणि त्या माणसाचे काहीच झाले नाही. पुढे एकदा एस. टी. स्टँडवर भेटली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “सर, मी तुम्हाला ऐका म्हटलं होतं. बघा म्हटलं नव्हतं.”

श्रोतेहो, पाठराखणीचा पहिला धडा या एका वाक्यात आहे. शोषण म्हणजे काय, तर माणसाच्या शरीराविषयीचे निर्णय त्याच्या हातून काढून घेणे. त्यानंतर मदतीला येणाऱ्यानेही तिला न विचारता निर्णय घेतले, तर तिच्या दृष्टीने फरक काय राहिला? म्हणून पाठराखीण आधी ऐकते. कुठे गेली होतीस, ओरडली का नाहीस, इतके दिवस का गप्प बसलीस, असले प्रश्न ती विचारीत नाही. “तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझा दोष नाही. आता तुला काय हवं आहे?” एवढे विचारते. आणि तिच्या परवानगीवाचून ते कोणालाही, तिच्या आईबापांनाही, सांगत नाही.

येथे शिक्षकांनी एक भेद नीट ध्यानात ठेवावा. मी बोलतो आहे ते अठरा वर्षे पुरी झालेल्यांविषयी. मूल अठराच्या आतले असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे हे आपल्यावर बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेची सबब चालत नाही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. प्रौढ बाईच्या बाबतीत मात्र तक्रार करायची की नाही, आज करायची की सहा महिन्यांनी, हा निर्णय तिचा. गंभीर गुन्ह्यांना मुदतीची अट नाही. जुन्या प्रकरणातही तक्रार करता येते. उशीर झाला तर पुरावा जमवणे अवघड जाते, हेही तिला खरे खरे सांगावे. आणि मग थांबावे.

दुसरी गोष्ट समजून घ्यायची ती भीतीविषयी. समजा, उसाच्या फडात तुमच्यापुढे एकाएकी बिबट्या उभा राहिला. तुम्ही ओरडाल का? पुष्कळांच्या तोंडून आवाज फुटत नाही, पाय जमिनीला चिकटतात. तो भित्रेपणा नव्हे. शरीराची ती रीतच आहे. आणि नंतर विचारले, तर बिबट्याचे डोळे लख्ख आठवतात, पण तो डावीकडून आला की उजवीकडून, हे आठवत नाही. शोषण झालेल्या बाईचेही असेच होते. तिची हकिकत मागेपुढे होते, एखादी गोष्ट आज आठवते, एखादी पंधरा दिवसांनी. ऐकणारा म्हणतो, “ही बनवून सांगते आहे.” वस्तुतः अशी तुटक हकिकत भीतीच्या पोटातूनच आलेली असते.

हे अज्ञान केवढे महाग पडते याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. पुढल्या वर्षी, १९७९ मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा आशय. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अशा अत्याचारात बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे शपथेवर सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि पीडितेचे नाव छापू नये, हेही त्याच वेळी कायद्यात आले. त्या मुलीचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. मी ते मुद्दाम घेत नाही.

आता पाठराखीण प्रत्यक्ष काय करते ते पाहू.

पोलीस ठाण्यात ती बरोबर जाते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावी लागते. शून्य क्रमांकाने नोंदवून ती पुढे पाठवली जाते. तक्रारीची प्रत फुकट मिळते. अशा गुन्ह्याची तक्रार लिहून न घेणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. बलात्काराच्या प्रकरणात बाईचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि त्या वेळी आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातील समाजसेवक हजर असावा, असे कायदाच सांगतो. म्हणजे पाठराखणीला कायद्यानेही जागा ठेवली आहे.

दवाखान्यात ती बरोबर असते. अशा बाईवर पहिले उपचार फुकट करणे सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांवर बंधनकारक आहे. तपासणी तिच्या संमतीनेच व्हायची. नको म्हणण्याचा तिला हक्क आहे, आणि नको म्हटले म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’ म्हणून जो अपमानकारक प्रकार चालत असे, तो पुन्हा करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे.

कोर्टात ती बरोबर असते. १९९४ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा बाईला पोलीस ठाण्यापासूनच वकिलाचे साहाय्य मिळावे. त्याने पुढे काय होणार हे तिला समजावून सांगावे, मनाच्या आणि शरीराच्या उपचारांसाठी कुठे जावे हेही सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पोलीस ठाण्यात जो बरोबर होता तोच माणूस शेवटपर्यंत असावा. हे का, ते तुम्ही ओळखले असेल. दर वेळी नव्या माणसापुढे तीच हकिकत उगाळायची म्हणजे तीच जखम पुन्हा उघडायची. वकिलाचा खर्च कोण देणार, अशी चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, आणि माणसांच्या व्यापारात सापडलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

पण कोर्ट म्हणजे सगळे आयुष्य नव्हे. तारखा वर्षानुवर्षे चालतात. मधल्या काळात तिला भाडे भरायचे असते, मुलांना शाळेत घालायचे असते, रेशनकार्डावर नाव चढवायचे असते. रात्री झोप लागत नसते. फसवून नेलेली बाई परत आली की गाव तिच्याकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर झेलून पिठाच्या गिरणीत जायचे असते. पाठराखणीचे निम्मे काम या असल्या साध्या ठिकाणी असते. कार्यालयाच्या खिडकीपाशी ती शेजारी उभी राहते, कागद वाचून दाखवते, आणि अंगठा उठवण्याआधी ‘हे तुला मान्य आहे का?’ एवढे विचारते.

आणि एक काम ती करीत नाही. ती कोणाचा उद्धार करीत नाही. कुंटणखान्यातून सोडवलेल्या बाईला कुठल्या तरी गृहात डांबले की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. १९५६ च्या कायद्याखालील संरक्षणगृहांत ज्या प्रौढ स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवले आहे, त्यांची पाहणी करून ठरावीक मुदतीत सुटकेचा विचार व्हावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. प्रौढ बाईला आपला मार्ग आपण ठरवू द्यावा. तो मार्ग आपल्याला पसंत पडला नाही, तरीही.

तुमच्यापैकी प्रत्येकाने हे काम पत्करावे असे मी म्हणत नाही. त्याला शिक्षण लागते, धीर लागतो, आणि एकट्याने ते झेपत नाही; ऐकणाऱ्याचेही मन थकते. पण पहिला कान पुष्कळदा तुमचाच असतो. शिक्षकाचा, अंगणवाडीताईंचा, शेजारणीचा. तेव्हा मी केले तसे करू नका. मध्यस्थी करून प्रकरण मिटवायला जाऊ नका. ‘लग्न लावून टाकू’ असले तोडगे तर मुळीच काढू नका. शांतपणे ऐका, विश्वास ठेवा, तोंड बंद ठेवा, आणि वाट दाखवा. स्त्रियांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. तातडीचा धोका असेल तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र असते. तिथे निवारा, दवाखाना, पोलीस आणि वकील यांची एकत्र मदत मिळते. हे आकडे शाळेच्या भिंतीवर, जिथे उभे राहून कोणी वाचले तरी संशय येणार नाही अशा जागी, लिहून ठेवा.

शेवटी त्या विद्यार्थिनीविषयी. काही वर्षांनी तिने एका समाजसेविकेच्या साहाय्याने तक्रार केली. साक्षीच्या आदल्या रात्री मला तिचा फोन आला. “सर, उद्या नुसतं येऊन बसाल का?” मी गेलो. सुनावणी बंद दाराआड होती. मी बाहेरच्या बाकावर सकाळपासून दुपारी चारपर्यंत बसलो. ती समाजसेविका आत तिच्याबरोबर होती. बाहेर आल्यावर ती माझ्या शेजारी बसली. मी काही विचारले नाही. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि तिची एस. टी. आली.

निकाल काय लागला, ते सांगायचे की नाही हे तिने ठरवायचे आहे.