क्लच नवा टाकला, पण फ्लायव्हील पाहिलं का?



गॅरेज सुरू केलं त्या वर्षीची गोष्ट. एका गाडीला नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग टाकलं. कस्टमर खूश होऊन गेले. आठ दिवसांनी परत दारात. "अहो, कात्रज घाटात पहिल्या गिअरला गाडी नुसती थरथरते. सगळं नवीन टाकलंय ना?"

गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. फ्लायव्हीलवर निळसर डाग. खरं सांगू? ते मला पहिल्यांदाच दिसले होते. "चालून जाईल" म्हणून मी सोडून दिले. दुसऱ्यांदाचं लेबर कुणी भरलं? मीच!

कारण साधं आहे. क्लच प्लेट दोन पृष्ठभागांमध्ये दाबली जाते. एका बाजूला प्रेशर प्लेट, दुसऱ्या बाजूला फ्लायव्हील. पूर्ण सेट नवा टाकला तरी एक बाजू जुनीच राहते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी चालवून ती तापते, काचेसारखी गुळगुळीत होते. निळे डाग पडतात तिथे लोखंड कडक होतं, मग पकड सगळीकडे सारखी बसत नाही.

उघडल्यावर हे बघा

- नखाला लागणाऱ्या चरी किंवा निळे डाग असतील तर फेसिंग करून घ्या. कडक डागांवर लेथचं टूल उडतं, म्हणून शक्यतो सरफेस ग्राइंडिंग.
- खोल चिरा असतील किंवा जाडी कंपनीच्या मर्यादेखाली जाणार असेल तर नवीनच टाका.
- आतून स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर साधं फेसिंग करायला देऊ नका. आधी कंपनीचं मॅन्युअल बघा.
- क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय का तेही आत्ताच बघा. नव्या प्लेटवर ऑइल आलं की सगळी मेहनत पाण्यात.

फ्लायव्हीलला पायरी असेल तर मशीनवाल्याला स्पष्ट सांगा, दोन्ही पृष्ठभाग सारखेच उतरले पाहिजेत. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. बसवताना पृष्ठभागावर तेलाचा हात लागू देऊ नका, बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

आता धंद्याचं बोलू

समजा, गिअरबॉक्स उतरवायचं लेबर ४,००० रुपये आणि फेसिंग ८०० रुपये. ८०० वाचवायला गेलात आणि गाडी परत आली, तर ४,००० तुमच्या खिशातून. वर अख्खा दिवस रॅम्प अडकला आणि कस्टमर चार ठिकाणी तुमचं नाव खराब करणार, ते वेगळंच.

म्हणून एस्टिमेट देतानाच ओळ लिहा: "फ्लायव्हील फेसिंग, उघडल्यावर गरज असेल तरच." उघडलं की व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा, होकार घ्या, मगच काम करा. कस्टमर नाही म्हणाले तर ते बिलावर लिहा.

आणि फ्लायव्हील चांगलं असेल तर? तसंच सांगा. "साहेब, गरज नाही, ८०० रुपये वाचले तुमचे." माझा अनुभव आहे, हे वाक्य ऐकलेला कस्टमर पुढची सर्व्हिसिंग दुसरीकडे करत नाही.

आजच तुमच्या जॉब कार्डवर ही एक ओळ वाढवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!