हातोडीचं टोक आणि आईचा हात

काही वर्षांपूर्वी आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, पण हात लुळा पडला. रोज सकाळी मी तिच्याकडून व्यायाम करून घेई. "हात वर कर" म्हटलं की हात छातीपर्यंत येऊन थांबे. एकदा मात्र महिना बदलला म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटायला तिनं तोच हात उचलला, आणि तो चांगला वीतभर जास्त वर गेला. हात तोच, ताकद तीच. मग ही वीत आली कुठून?

मी डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. मिळेल ते वाचत गेलो आणि निकोलाय बर्नस्टाइन (१८९६–१९६६) या रशियन शास्त्रज्ञापाशी पोचलो. १९२०च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो कामगारांच्या हालचाली अभ्यासत होता. हातावर छोटे दिवे लावून त्यानं छिन्नीवर पडणाऱ्या हातोडीच्या घावांची छायाचित्रं घेतली. कसलेल्या कामगाराचेही दोन घाव तंतोतंत सारखे नव्हते. खांदा, कोपर, मनगट यांच्या वाटा दर वेळी थोड्या बदलत. हातोडीच्या टोकाची वाट मात्र त्या मानानं स्थिर राही. एका सांध्यानं केलेली चूक दुसरा सावरून घेई.

हे सावरणं शक्य होतं, कारण आपल्या हाताला गरजेपेक्षा जास्त मोकळीक आहे. तळहात टेबलावर घट्ट टेकवा आणि खांदा न हलवता कोपर वर-खाली करून पाहा. तळहात जागचा हलत नाही, तरी कोपर फिरतं. एखादी वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात धरायला सहा स्वतंत्र हालचाली पुरतात. खांद्यापासून मनगटापर्यंत आपल्याकडे सात आहेत. म्हणून एकाच कामाला असंख्य वाटा. त्यातली एक मेंदू निवडतो कशी, हा बर्नस्टाइनचा प्रश्न.

यंत्रांनी आधी हा प्रश्न टाळला. १९६१ साली अमेरिकेतल्या मोटार कारखान्यात कामाला लागलेला 'युनिमेट' हा यंत्रहात साठवून ठेवलेल्या हालचाली क्रमानं करी. वस्तू जरा सरकली, की तो चुकणार. पुढे २००२ मध्ये इमॅन्युएल टोडोरोव आणि मायकेल जॉर्डन यांनी गणितानं दाखवलं, की उत्तम नियंत्रण प्रत्येक चूक दुरुस्त करत बसत नाही. हेतूच्या आड येणारी तेवढीच दुरुस्त करतं, बाकीच्या सोडून देतं. हे सूत्र माणसाच्या हाताला लागू पडतं, तसंच यंत्राच्या हातालाही.

आईच्या विताचं उत्तर मला दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांपाशी मिळालं. लिओन्तिएव्ह आणि झापोरोझेत्स या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांना आढळलं, की नुसतं "हात वर करा" म्हटल्यावर जो हात अडतो, तोच समोरची वस्तू घ्यायची असली की जास्त वर जातो. हेतू बदलला की हालचालीची जुळणीच बदलते. सराव म्हणजे तीच हालचाल पुन्हा गिरवणं नव्हे, तोच प्रश्न दर वेळी नव्यानं सोडवणं, असं बर्नस्टाइनचं म्हणणं होतं ते याच अर्थानं.

त्यानंतर मी "हात वर कर" म्हणणं सोडलं. फडताळाच्या वरच्या फळीवर आईचा चष्मा ठेवू लागलो. तिचा हात पूर्ववत झाला नाही. पण चष्मा ती स्वतः काढून घेई, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं.