आधी चौघांत, मग फॉरवर्ड!

लंच टाइम. डबे उघडलेत, एकीकडे मोबाइल सुरू. 'ए, हा व्हिडीओ बघितलास? भयंकर आहे!' फोन टेबलभर फिरतो, सगळ्यांचं 'बापरे' होतं आणि भाजी संपायच्या आत व्हिडीओ फॅमिली ग्रुपवर पोचलेलासुद्धा असतो. ओळखीचं वाटतंय ना?

२०१८ मध्ये असाच एक व्हिडीओ देशभर फिरला. गल्लीत पोरं खेळतायत, बाइकवरून दोघं येतात, एक मूल उचलतात आणि पसार! मुळात ती कराचीत बनलेली, मुलांच्या सुरक्षेसाठीची जाहिरात. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमका तोच शेवट कुणीतरी कापला होता. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांना ऊत आला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं.

'आपण शिकलेले, आपण नाही फसणार,' असं वाटतंय? मग हे वाचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ३,४४६ मुलांना मतदानातल्या घोटाळ्याचा एक व्हिडीओ दाखवला. अमेरिकेतला म्हणून फिरणारा तो व्हिडीओ होता रशियातला. २०१९ मध्ये निकाल आला. इंटरनेट हाताशी असूनही मूळ व्हिडीओपर्यंत पोचले फक्त तिघं!

मग फंडा काय? चौघांत बसून बघा आणि कामं वाटून घ्या. एकाने स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाकायचा. हाच सीन आधी कुठे दिसलाय का? दुसऱ्याने दुकानांच्या पाट्या, नंबर प्लेट, बोलण्यातली भाषा टिपायची. तिसऱ्याने ही बातमी आणखी कुणी दिलीय का ते शोधायचं. आणि चौथ्याने मुद्दाम उलटं बोलायचं, 'याच्या आधी काय झालं? नंतर काय? आणि शूट कोण करत होतं?'

एक पथ्य मात्र पाळा. जमाव हाही शेवटी एक ग्रुपच असतो. सगळ्यांनी एका सुरात माना डोलावल्या, तर चौघं मिळूनही फसाल. म्हणून आधी प्रत्येकाने आपापलं मत ठरवायचं, मग बोलायचं. बॉस सोबत असेल, तर त्याचं मत सगळ्यात शेवटी!

दहा मिनिटांचं काम आहे. डब्यातली भाजी वाटून खाताच ना? शंकाही वाटून घ्या!