फोटोचा पत्ता कोणता?

पेठकडे जाताना सावळ घाटातले धुके टिपले किंवा भाताच्या आवणीचा फोटो काढला, की तो व्हॉट्सॲपवर जातो आणि तिथे त्याची स्पष्टता घटते. मूळ फाइल पोहोचवायची तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

लिंक द्यायला गुगल फोटोज सोपे. मात्र १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत साठवण संपली. १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्हसह. फ्लिकरच्या मोफत खात्यात १,००० फोटो.

फुकटच्या सेवेवर पूर्ण भिस्त ठेवू नये. फोटोबकेटने २०१७ मध्ये इतर संकेतस्थळांवर फोटो दिसण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि असंख्य जुन्या पानांवरची चित्रे एकाएकी गेली. लोकांच्या वर्षानुवर्षांच्या आठवणी अशा अडवून ठेवणे अन्यायाचेच होते. इमगरनेही २०२३ मध्ये खात्याशी न जोडलेली, वापरात नसलेली जुनी चित्रे काढायला घेतली.

गावाचे, सणांचे, पिकांचे फोटो सर्वांसाठी खुले करायचे असतील, तर विकिमीडिया कॉमन्स उत्तम. तिथे ते कोणीही वापरू शकतो, हे मान्य असावे. घरचे फोटो कुठेही टाकण्याआधी त्यांतले लोकेशन काढून टाका, आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवाच.