भाड्याच्या विमानाची दलाली

ज्या झाशीत नेवाळकरांची सुभेदारी नांदली आणि जेथील गणेशमंदिरात 1842 साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते शहर आज दिल्लीहून भोपाळमार्गे मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावरचे मोठे जंक्शन म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु विमानप्रवासाच्या दृष्टीने ते अद्याप आडबाजूलाच राहिले आहे. शहरालगत धावपट्टी आहे खरी, पण ती लष्कराची. तेथे तिकीट काढून कोणास पुण्यास वा मुंबईस जाता येत नाही. सुमारे शंभर किलोमीटरवरचे ग्वाल्हेर आणि त्याहून दूर असलेले खजुराहो एवढाच येथील लोकांना आजवर आधार होता. 31 मे 2025 रोजी शेजारच्या दतिया येथील विमानतळाचे उद्घाटन झाल्याने त्यात थोडी भर पडली आहे. अशा ठिकाणी विमान किंवा हेलिकॉप्टर भाड्याने आणण्याचे प्रसंग मुख्यत्वेकरून तीन: निवडणुकीतील प्रचारसभा, ओरछ्याच्या परिसरात होणारे श्रीमंत घराण्यांचे विवाहसमारंभ, आणि अत्यवस्थ रुग्णास दिल्लीच्या अथवा मुंबईच्या रुग्णालयात तातडीने हलविण्याची निकड. या तिन्ही प्रसंगी पैसे देणारा यजमान आणि विमान चालविणारी कंपनी यांच्या दरम्यान बहुधा एक तिसरा गृहस्थ उभा असतो, आणि तो म्हणजे दलाल.

दलालाच्या मालकीचे विमान नसते, वैमानिक त्याच्या पगारावर नसतात, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा जो परवाना विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीस घ्यावाच लागतो, तोही त्याच्यापाशी नसतो. माहिती हेच त्याचे भांडवल. कोणते विमान आज दिल्लीत उभे आहे, कोणते उद्या इंदूरहून रिकामे परतणार आहे, कोणत्या धावपट्टीवर रात्री उतरता येते, लष्कराच्या धावपट्टीसाठी कोणाची संमती मिळवावी लागते, सभेच्या मैदानावर तात्पुरते हेलिपॅड करावयाचे तर जिल्हा प्रशासनाकडे अर्ज केव्हा रुजू करावा आणि अग्निशामक बंबाची तजवीज कोणी करावी, या गोष्टी ज्याला मुखोद्गत असतात, तो मध्यरात्री आलेल्या एका दूरध्वनीवर पहाटेचे उड्डाण जुळवून देऊ शकतो. या श्रमाचे मोल त्याला मिळाले पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

प्रश्न आहे तो हे मोल कोणत्या वाटेने त्याच्या पदरात पडते याचा. आणि ते समजण्यासाठी आधी भाडे कसे आकारतात ते पाहिले पाहिजे. विमानाचे भाडे तासावर ठरते. पण हे तास केवळ प्रवासी आत बसलेले असतानाचे नव्हेत. दिल्लीतील विमान ग्वाल्हेरीस येऊन रुग्णास मुंबईस पोचविते आणि तेथून आपल्या मुक्कामी परत जाते, तेव्हा येण्याचे आणि परतण्याचे असे दोन्ही रिकामे टप्पे रुग्णाच्या कुटुंबालाच भरावे लागतात. गावी सोडून परतणाऱ्या मोटारीचे परतभाडे द्यावे लागते, तोच हा न्याय. त्याशिवाय विमान उतरविण्याचे व उभे करण्याचे आकार, मार्गदर्शनाचे शुल्क, वैमानिकांचा रात्रीचा मुक्काम, रुग्ण असेल तर डॉक्टर व प्राणवायूची व्यवस्था, आणि शेवटी वस्तू व सेवा कर. सप्टेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने आसनागणिक भाडे घेणाऱ्या हेलिकॉप्टरसेवेवरील कर 5 टक्के केला, पण सबंध हेलिकॉप्टर भाड्याने घेतल्यास 18 टक्के कायम ठेवला.

दलालीचा पहिला प्रकार सरळ आहे. विमानकंपनी आपल्या दरातून दलालास ठरलेला हिस्सा देते, आणि तो सर्वसाधारणपणे पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास असतो. दुसऱ्या प्रकारात कंपनी दलालास आपला निव्वळ भाव सांगते, त्यावर दलाल स्वतःची रक्कम चढवितो आणि यजमानापुढे एकच एकत्रित आकडा ठेवतो. केवळ समजुतीसाठी कंपनीचा भाव नऊ लाख धरला, तर पाच टक्क्यांच्या हिशेबाने दलालास पंचेचाळीस हजार मिळतील. पण तोच भाव त्याने दहा लाख म्हणून सांगितला, तर लाख रुपये त्याच्या गाठीस राहतात आणि यजमानास त्याचा पत्ताही लागत नाही. तिसऱ्या प्रकारात दलाल उड्डाण स्वतः विकत घेतो आणि पुढे विकतो. येथे तोट्याची जोखीमही त्याच्या शिरावर असल्याने त्याचा नफा हा व्यापाऱ्याचा नफा होय, आणि त्याविषयी तक्रार करण्यास जागा उरत नाही. याखेरीज रिकाम्या टप्प्यासाठी गिऱ्हाईक शोधणे हीही एक मिळकत आहे: ज्या टप्प्याचे पैसे कोणी आधीच भरले आहेत, तो कंपनी अल्प भावात देऊन टाकते, आणि दोन भावांमधील अंतर दलालाचे.

हा व्यवहार विमानांबरोबर जन्मास आला असे मात्र नाही. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजमध्ये जहाजांची भाडी ठरविणारे दलाल पिढ्यान्‌पिढ्या साधारण सव्वा टक्का घेत आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच पेठेत विमानांचे दलाल वावरू लागून 1949 साली त्यांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. आपल्याकडे पेशवाईत उत्तरेतील महालांचा वसूल हुंडीने पुण्यास येई, तेव्हा सावकार हुंडणावळ, म्हणजे हुंडीचा मोबदला, घेत. पण ती हिशेबाच्या कागदावर निराळी लिहिलेली असे, आणि माझ्या मते सगळा मुद्दा याच ठिकाणी आहे.

जी दलाली कागदावर निराळी दिसते तिच्याविषयी घासाघीस करता येते, ती वाजवी आहे की नाही हे ठरविता येते. जी एकत्रित आकड्यात लपते ती संकटात सापडलेल्याकडून हवी तेवढी उकळता येते. निवडणुकीतील पक्षाचा कारभारी चार ठिकाणी भाव विचारतो, विवाहाच्या यजमानालाही महिनाभराचा अवधी असतो; पण अतिदक्षता विभागाबाहेर उभा असलेला मुलगा एकाच दलालाशी बोलतो आणि सांगेल ती रक्कम मान्य करतो. त्यातही कित्येकदा झाशीतील ओळखीचा माणूस ग्वाल्हेरच्या दलालास विचारतो, तो दिल्लीच्या दलालास, आणि प्रत्येक जण वाटेत आपला वाटा चढवीत जातो.

याविरुद्ध कायदा अगदीच निःशब्द नाही. 1872 च्या भारतीय करार अधिनियमातील कलम 213 प्रमाणे अभिकर्त्याने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याने, मागणी होताच आपल्या धन्यास योग्य हिशेब दिला पाहिजे, आणि कलम 216 प्रमाणे धन्याच्या नकळत त्याने त्याच कामात स्वतःच्या खाती व्यवहार केला, तर त्यापासून झालेला लाभ मागण्याचा हक्क धन्यास आहे. मात्र दलाल हा यजमानाचा अभिकर्ता होता की स्वतंत्र विक्रेता, हे आधी लेखी ठरलेले असेल तर या कलमांचा उपयोग करणे सोपे जाते. अमेरिकेने विमानदलालांसाठी केलेले आणि 2019 पासून अंमलात आलेले नियम नेमके हेच मागतात: दलाल कोणत्या नात्याने काम करीत आहे, विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालविणार, आणि शुल्कासह एकूण खर्च किती, हे ग्राहकास कळले पाहिजे.

निवडणुकीच्या उड्डाणांत हिशेबाला आणखी एक पदर आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 77 नुसार पक्षाने नावे दिलेल्या प्रमुख प्रचारकांचा विमानप्रवास उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही; मान्यताप्राप्त पक्षास अशी चाळीस नावे देता येतात. तो खर्च पक्षाच्या खाती पडतो आणि पक्षाने निवडणूक आयोगास सादर केलेल्या विवरणात येतो. परंतु तेथेही विमानभाड्याची एकच रक्कम दिसली, तर तिच्यातील किती भाग दलालीचा, हे वाचणाऱ्या मतदारास कसे कळावे?

दलालीहूनही आधी विचारण्याची बाब परवान्याची आहे. खाजगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देता येत नाही, आणि ते स्वस्त पडते म्हणूनच त्याचा मोह होतो. जानेवारी 2019 मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या लहान विमानाच्या अपघातात इंग्लिश खाडीत मृत्यू पावला, त्याच्या वैमानिकास भाड्याचे प्रवासी नेण्याचा परवानाच नव्हता. ते उड्डाण जुळवून देणाऱ्यास 2021 मध्ये ब्रिटिश न्यायालयाने अठरा महिन्यांचा कारावास ठोठावला. म्हणून झाशीतील कोणा कुटुंबावर विमान मागविण्याची वेळ आली, तर रक्कम पाठविण्यापूर्वी विमानाचा नोंदणी क्रमांक, चालविणाऱ्या कंपनीचे नाव व तिच्या परवान्याची प्रत, कंपनीचे मूळ दरपत्रक, आणि दलालीची रक्कम निराळ्या ओळीत, एवढे चार कागद मागून घ्यावेत. ते देण्यास प्रामाणिक दलालाला काही मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.